केलांतानचे मलय लोक

समुद्रापलीकडील मुसलमान शेतकरी भाताची कापणी संपल्यावर, रात्रीची नमाज आटोपून, रामरावणांच्या युद्धाचा खेळ पाहावयास बसत असत, असें कोणीं सांगितलें म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या मनांत बहुधा दोहोंपैकीं एक विचार उभा राहतो. एक तर त्याला अभिमान वाटतो, कीं पाहा, आमची संस्कृति कोठवर जाऊन पोंचली होती! किंवा त्याला नवल वाटतें, कीं हे लोक धर्मानें एक आणि मनानें दुसरे असे कसे राहिले? पहिल्या विचारांत आपण त्या लोकांस आपल्याच घरचे वाट चुकलेले आप्त समजतों. दुसऱ्यांत त्यांस अर्धेमुर्धे मुसलमान ठरवितों. दोन्ही विचारांत एक गोष्ट राहून जाते, ती ही कीं, ते लोक स्वतःस काय समजतात हें त्यांना कोणी विचारीत नाहीं. मलाया द्वीपकल्पाच्या ईशान्य कोपऱ्यांतील केलांतान नांवाच्या राज्यांत राहणाऱ्या मलय लोकांचा इतिहास ह्याच प्रश्नाच्या अनुरोधानें पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

केलांतान हें आजच्या मलेशियाच्या संघराज्यांतील एक घटक राज्य होय. २०२० च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या सुमारें १८ लाख भरली, आणि तींत मलय लोकांचें प्रमाण शेंकडा नव्वदांहून अधिक आहे. एका अंगास दक्षिण चिनी समुद्र, दुसऱ्या अंगांस अरण्यानें भरलेले डोंगर, आणि मध्यें केलांतान नदीनें आणून टाकलेल्या गाळाचें भातशेतीचें मैदान, अशी ह्या देशाची घडण आहे. वर्षाच्या अखेरीस ईशान्येचे मोसमी वारे सुटले म्हणजे समुद्र खवळतो आणि नद्यांना पूर येतात. पश्चिम किनाऱ्यावरील मलय राज्यांत कथील आणि रबर यांच्या मागोमाग चिनी आणि तामिळ मजूर आले, आगगाडी आली, नवीं शहरें उभीं राहिलीं. केलांतान मात्र डोंगराआड राहिलें. पूर्वेकडील लोहमार्ग पुरा होण्यास १९३१ साल उजाडलें, आणि डोंगर ओलांडून थेट पश्चिमेकडे जाणारा हमरस्ता तर १९८२ मध्यें खुला झाला. ह्या आडवळणामुळें येथील लोकांची बोली, त्यांचे खेळ, त्यांचें अन्न आणि त्यांचा आचार यांस एक निराळेपणा आला व तो टिकला. मात्र आडवळण म्हणजे एकान्तवास नव्हे. डोंगराकडील दार बंद असलें तरी समुद्राकडील दार उघडें होतें, आणि त्या दारानें पाटणी, सयाम आणि जावा ह्या देशांशीं येणेंजाणें पुष्कळ होतें.

ह्या देशाचें नांव जुनें आहे. जावांतील मजपहित साम्राज्याच्या वैभवाचें वर्णन करणाऱ्या नागरकृतागम ह्या १३६५ च्या काव्यांत मांडलिक देशांची जी यादी आहे तींत पहांग, त्रेंगानू यांच्या बरोबर केलांतानचेंहि नांव येतें. लोकांच्या आठवणींत मात्र यादीपेक्षां कथा अधिक टिकते. चिक सिती वान केम्बांग नांवाची एक राणी येथें राज्य करीत होती, परदेशच्या व्यापाऱ्यांनीं तिला एक हरिण नजर केलें, तें तिला इतकें आवडलें कीं तिनें आपल्या सुवर्णनाण्यावर त्याची मुद्रा उमटविली, अशी दंतकथा आहे. राणी इतिहासांतील कीं कथेंतील हा वाद पंडितांनीं करावा; केलांतानच्या राजचिन्हांत हरिण आजहि उभें आहे, आणि लोक आपल्या देशास "चिक सिती वान केम्बांगचा देश" असें कौतुकानें म्हणतात. ह्याच देशाचें दुसरें लाडकें नांव "सरांबी मक्का", म्हणजे मक्केची ओसरी, असें आहे. एका देशाचीं हीं दोन नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. कारण पुढील सर्व कथा ह्या दोन नांवांच्या मधली आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लोंग युनुस ह्या पुरुषानें येथील लहानमोठ्या सरदारांस एका छत्राखालीं आणिलें. त्याच्याच घराण्यांतील दुसऱ्या सुलतान महंमदानें १८४४ मध्यें नवी राजधानी वसविली, तिचें नांव कोटा भारू, म्हणजे नवा कोट. सयामच्या राजास दर तीन वर्षांनीं सोन्यारुप्याचीं फुलें पाठवावयाचीं आणि घरचा कारभार आपल्या मताप्रमाणें चालवावयाचा, असा त्या काळचा क्रम होता. मोठ्यापुढें मान लवविली तरी ताठ कणा राखतां येतो, ही विद्या लहान राज्यांस शिकावीच लागते.

ता. १० मार्च १९०९ रोजीं बॅंकॉक येथें इंग्रज आणि सयाम यांच्यामध्यें तह झाला व केलांतान, त्रेंगानू, केदा आणि पर्लिस हीं चार राज्यें इंग्रजांच्या छायेखालीं गेलीं. शेजारचें पाटणी मात्र सयामकडेच राहिलें. गोलोक नांवाची एक नदी सरहद्द ठरली. नदीच्या दोन्ही तीरांवर एकच बोली, एकच धर्म आणि एकमेकांत झालेल्या सोयरिकी होत्या. त्यांतील एका तीराचे लोक पुढें मलेशियाचे नागरिक झाले, दुसऱ्या तीराचे थायलंडचे. लोक कोण आहेत हें नकाशानें ठरविलें असें म्हणावें, तर सव्वाशें वर्षें होत आलीं तरी दोन्ही तीरांवरील बोली अद्याप एकच आहे.

नव्या राजवटीबरोबर नवा जमीनमहसूल आणि नवे अंमलदार आले. १९१५ मध्यें पासिर पुते ह्या भागांत हाजी मत हसन नांवाच्या एका वृद्धानें त्यांविरुद्ध बंड उभारिलें. त्याच्या लांब दाढीवरून लोक त्याला तोक जांगुत, म्हणजे दाढीवाले आजोबा, म्हणत. बंड मोडलें, तो लढाईंत पडला, आणि त्याचें प्रेत कोटा भारूच्या मैदानांत उलटें टांगून लोकांस दाखविण्यांत आलें. दरारा बसावा हा त्यांत हेतु होता. झालें असें कीं दाढीवाले आजोबा लोकांच्या आठवणींत कायमचे जाऊन बसले. पुढें १९४१ च्या ८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर जपानी सैन्य कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरलें, तें पर्ल बंदरावरील हल्ल्याच्याहि आधीं तासाभराहून अधिक. १९४३ मध्यें जपाननें हीं चारहि राज्यें पुन्हां थायलंडच्या स्वाधीन केलीं, १९४५ मध्यें तीं इंग्रजांकडे परत आलीं, आणि १९५७ मध्यें मलाया स्वतंत्र झाला. एका मनुष्याच्या आयुष्यांत चार वेळां धनी पालटले. पण घरीं आईशीं बोलावयाची भाषा पालटली नाहीं.

ती भाषा ऐकण्याजोगी आहे. केलांतानचा मलय आपल्या देशास "क्लाते" म्हणतो. प्रमाण मलय भाषेंतील शेवटचा अनुनासिक वर्ण ह्या बोलींत गळून त्याच्या आधींचा स्वर पालटतो. म्हणून मूळचें जालान, म्हणजे रस्ता, हें येथें "जाले" होतें. आणि चालणें ह्या अर्थाचें मूळचें बरजालान हें, आरंभींचा उपसर्ग टाकून पण त्याची आठवण व्यंजनाच्या दुहेरी उच्चारांत ठेवून, "ज्जाले" असें होतें. शब्दाच्या आरंभींच्या व्यंजनावर जोर द्यावा कीं न द्यावा एवढ्यावर अर्थ फिरतो. कुआलालंपूरच्या माणसास हें चटकन उमगत नाहीं. मी ह्या अर्थीं येथील मनुष्य विनयानें "आम्बो" म्हणतो. तो शब्द सेवक ह्या अर्थाच्या हाम्बा शब्दापासून आला आहे. पोटासाठीं परमुलुखीं गेलेले दोन केलांतानकर एकत्र भेटले म्हणजे प्रमाण भाषा बाजूस ठेवून आपल्या बोलींत शिरतात, आणि इतर मलय लोक त्यांच्या ह्या सवयीची थट्टाहि करितात आणि हेवाहि करितात.

मलय भाषेंतील कांहीं शब्द मराठी वाचकास विशेष मनोरंजक वाटतील. धर्मास ह्या भाषेंत "आगम" म्हणतात, पापास "दोसा", पुण्यास "पहाला", म्हणजे फल, आणि रमजानच्या रोज्यास "पुआसा", म्हणजे उपवास. स्वर्ग आणि नरक हेहि शब्द थोड्या फरकानें तेच आहेत. इस्लाम आला तेव्हां त्यानें जुनीं भांडीं फोडलीं नाहींत. त्यांतच नवें अन्न वाढलें. पण ह्यावरून ते लोक आंतून हिंदु आहेत असें अनुमान काढणें म्हणजे आपण "बादशहा" किंवा "शाबास" म्हणतों म्हणून आपणांस पारशी ठरविण्यासारखेंच होय. शब्द कोठून आला हें भाषाशास्त्र सांगतें. तो कोणाचा आहे हें तो बोलणारा सांगतो.

आणि केलांतानचा मनुष्य मुसलमान आहे तो नांवापुरता नव्हे. खेड्यापाड्यांत गुरूच्या घराभोंवतीं झोंपड्या बांधून विद्यार्थी राहत, त्या पाठशाळांस पोंदोक म्हणतात. ह्या पाठशाळांसाठीं हा देश साऱ्या द्वीपकल्पांत प्रसिद्ध झाला. त्यांतील सर्वांत थोर गुरु म्हणजे तोक कनाली. त्यांचा जन्म १८६८ चा; मक्केंत सुमारें वीस वर्षें अध्ययन करून ते मायदेशीं परतले आणि १९३३ मध्यें मृत्यु येईपर्यंत शिकवीत राहिले. १९१५ मध्यें येथें इस्लाम धर्म आणि मलय आचार ह्या दोहोंचें संगोपन करण्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें, आणि १९१८ पासून त्याचें "पंगासुह" नांवाचें नियतकालिक निघूं लागलें. मंडळाच्या नांवांत धर्म आणि आचार हे दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं होते हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्या काळीं ते दोन शब्द शेजारीं ठेवण्यांत कोणास अडचण वाटली नाहीं. कोटा भारूच्या मोठ्या मंडईंत आजहि विकणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. ती येथील जुनी चाल. त्या मंडईस नांव दिलें आहे तें पैगंबरांच्या पत्नी खदीजा यांचें, आणि त्या स्वतः व्यापार करीत असत. चाल देशाची, नांव धर्माचें, आणि दोहोंमध्यें भांडण नाहीं.

आतां त्या रामायणाकडे वळूं. कातड्याच्या बाहुल्यांच्या ह्या छायानाट्यास वायांग कुलित म्हणतात. जमिनीपासून उंच उभारलेली एक लहानशी खोपी, पुढें पांढरा पडदा, आंत दिवा, आणि दिव्यापुढें बसलेला एकटा सूत्रधार, त्यास दालांग म्हणतात. सर्व पात्रांचीं भाषणें तोच बोलतो, गाणीं तोच म्हणतो, बाहुल्याहि तोच नाचवितो. मागें सनई, ढोल आणि झांजा वाजविणारे साथीदार असतात. श्रीराम, सिती देवी, लक्ष्मण आणि महाराज वाना हीं मुख्य पात्रें. महाराज वाना म्हणजे रावण, हें सांगावयास नकोच. ही रामकथा वाल्मीकींची नव्हे. मलय भाषेंत "हिकायत श्रीराम" नांवाचा जो गद्य ग्रंथ आहे, आणि ज्याची एक जुनी हस्तलिखित प्रत सतराव्या शतकापासून ऑक्सफर्ड येथें आहे, त्यांत तपश्चर्या करणाऱ्या रावणास भेटतात ते नबी आदम, आणि त्यांच्या रदबदलीनें अल्ला त्याला चार लोकांचें राज्य देतो. हनुमान हा तेथें रामाचाच पुत्र आहे, आणि सीतेचा जन्म रावणाच्या घरीं होतो. जी राणी रावणानें मागितली ती आपल्या अंगाच्या मळापासून स्वतःसारखी दुसरी स्त्री निर्माण करून तिला त्याच्याकडे पाठविते. हा प्रसंग वाचतांना आपल्याकडील गणपतीच्या जन्मकथेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

परंतु केलांतानच्या प्रेक्षकाचा खरा जीव रामावर नसतो, तो दोन विदूषकांवर असतो. पाक दोगोल हा बेढब, मोठ्या पोटाचा, काळा सेवक वस्तुतः सर्वश्रेष्ठ देव असून पृथ्वीवर दासाच्या रूपानें उतरला आहे. आणि त्याचा सोबती वाक लोंग हा त्यानें आपल्या अंगाच्या मळापासून घडविला आहे. राजे आणि राक्षस भारदस्त भाषा बोलतात. हे दोघे बोलतात ती अस्सल केलांतानी बोली, आणि गांवांतील भाताच्या भावापासून सरकारी अंमलदारापर्यंत कोणासहि सोडीत नाहींत. परक्या देशांतून आलेल्या कथेंत केलांतानच्या शेतकऱ्यानें स्वतःस असें आणून बसविलें आहे, आणि तेंहि देवाच्या जागीं! ह्यापुढें ही कथा मूळची कोणाची हा प्रश्न गौण ठरतो.

माक योंग हें दुसरें नाट्य त्याहून वेगळें. त्यांत रामायण नाहीं. देवांच्या व राजपुत्रांच्या स्वतंत्र कथा आहेत. नट बहुतेक स्त्रिया असतात, आणि राजाची मुख्य भूमिकाहि स्त्रीच करते. रबाब नांवाच्या, गजानें वाजवावयाच्या तंतुवाद्यापुढें बसून पात्रें प्रथम संथ गाणें म्हणतात व मग खेळ सुरू होतो. मनुष्याच्या अंगांत एक "आंगिन", म्हणजे वारा, असतो. त्याची हौस कोंडली कीं माणूस खंगतो, आणि गाण्यानाचण्यानें ती मोकळी केली म्हणजे बरा होतो, अशी येथील जुनी समजूत आहे. म्हणून हे खेळ केवळ करमणुकीचे नव्हते. दुखण्यावरचा उपचारहि होते.

ह्याच ठिकाणीं वादास तोंड लागलें. १९९० मध्यें इस्लामी पक्षाचें सरकार केलांतानमध्यें अधिकारावर आलें, आणि लवकरच वायांग कुलित व माक योंग ह्यांच्या जाहीर प्रयोगांवर बंदी पडली. १९९८ च्या करमणुकीविषयींच्या कायद्यानें ती आणखी आवळली. बंदी घालणारे लोक बाहेरचे नव्हते. तेहि केलांतानचेच मलय, त्याच पोंदोकांत शिकलेले. त्यांचें म्हणणें न ऐकतां त्यांस दोष देणें योग्य होणार नाहीं. खेळाच्या आरंभीं भूतांदेवतांस नैवेद्य दाखवितात, मंत्रांत अल्लाच्या नांवाबरोबर दुसरीं नांवें येतात, स्त्रिया परपुरुषांपुढें नाचतात. एकेश्वर मानणाऱ्यास हें कसें चालावें? प्रश्न प्रामाणिक आहे. उलट पक्षीं जुने कलावंत म्हणत, कीं आमचे बापजादे ह्याच खोपींतून उठून पहाटेच्या नमाजास जात होते; ते काय मुसलमान नव्हते? हाहि प्रश्न तितकाच प्रामाणिक आहे. दोहोंकडचे लोक एकच गोष्ट विचारीत होते, ती ही कीं, आम्ही कोण?

राजकारणानें ह्या प्रश्नास विचित्र वळण दिलें. केंद्र सरकारनें दालांग हमझा आवांग अमत यांस १९९३ मध्यें आणि माक योंगच्या नटी खतीजा आवांग यांस १९९९ मध्यें राष्ट्रीय कलावंताचा सन्मान दिला. म्हणजे राजधानींत गौरव आणि स्वतःच्या राज्यांत मनाई, अशी त्यांच्या कलेची स्थिति झाली. २००५ मध्यें युनेस्कोनें माक योंग हा मानवजातीचा मोलाचा वारसा असल्याचें जाहीर केलें. अखेर २०१९ मध्यें, खेळ शरियतेस अनुसरून व्हावा अशी अट घालून, राज्यानें माक योंगवरील बंदी उठविली. पण मधल्या तीन दशकांत काय झालें हें समजण्यास फार कल्पना लागत नाहीं. ही विद्या पुस्तकांत नसते. ती गुरूच्या मागें बसून, रात्रीमागून रात्रीं ऐकून येते. शिकविणारे म्हातारे झाले, शिकणारे दुसऱ्या उद्योगास लागले. बंदी एका सहीनें उठते. तुटलेली परंपरा सहीनें जुळत नाहीं. आणि युनेस्कोचें प्रशस्तिपत्र कितीहि मोलाचें असलें तरी पाक दोगोलच्या विनोदावर हंसावयास तें गांवांत येऊन बसत नाहीं.

मलेशियाच्या राज्यघटनेनें मलय मनुष्याची व्याख्या केली आहे: जो इस्लाम धर्म पाळतो, नित्य मलय भाषा बोलतो आणि मलय आचाराप्रमाणें वागतो, तो मलय. धर्म, भाषा, आचार, अशा तीन पायांची ही तिवई आहे.  पण तिवईचा एक पाय लांब करण्यासाठीं दुसरा कापला तर ती उभी कशी राहणार, हा प्रश्न केलांतानच्या इतिहासानें घातला आहे. मक्केची ओसरी हें नांव मोठ्या भक्तीचें आहे. परंतु ओसरी ही घराची असते, आणि घरांत चिक सिती वान केम्बांगची गादी, आजीची बोली आणि दालांगचा दिवा हीं सर्व होतीं. घर पाडून ओसरी टिकत नाहीं, आणि ओसरीवांचून तें घर केलांतानचें घर होत नाहीं.

आपण दूरचे वाचक. आपणांस त्यांच्या घरच्या तंट्यांत न्याय देण्याचा अधिकार नाहीं, आणि त्यांच्या खेळांत राम आहे म्हणून तो खेळ आपला, असें म्हणण्याचा तर मुळींच नाहीं. तो राम आदमास ओळखतो आणि केलांतानी विदूषकाची बोलणीं ऐकून घेतो. तो त्यांचा आहे. आपणांस कांहीं विचारावयाचेंच असेल तर तें स्वतःस विचारावें. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवांतील ठाकर लोक कातड्याच्या बाहुल्या दिव्यापुढें नाचवून रामायण सांगत आले आहेत. त्यांवर कोणत्याहि सरकारनें बंदी घातली नव्हती, कोणत्याहि धर्मगुरूनें आक्षेप घेतला नव्हता. तरी त्या पडद्यापुढें बसलेले किती लोक आपल्या ओळखीचे आहेत? केलांतानमध्यें निदान भांडण झालें, कारण तेथील लोकांना त्या पडद्याचें कांहीं वाटत होतें. वारसा हुकुमानें मरतो तसा उपेक्षेनेंहि मरतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या मरणांत दोष द्यावयास समोर कोणी सांपडत नाहीं.